वार पडल्यानंतरचे दोन तास

बदलापूर स्टेशनला पूर्वेला उतरा किंवा पश्चिमेला, थोडं चाललं की प्रसूतिगृहाची एखादी पाटी दिसतेच. अंबरनाथला तेच आणि उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांतही तेच. सरकारी दवाखानेही आहेत. बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे, अंबरनाथला छाया रुग्णालय आणि उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये मध्यवर्ती रुग्णालय. तरीही या पट्ट्यातल्या कितीतरी घरांनी एक वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं, ‘पेशंट सिरीयस आहे, पुढे न्या.’ पुढे म्हणजे बदलापूरहून उल्हासनगरला, तिथून ठाण्याच्या सिव्हिलला किंवा कळव्याला, आणि तिथूनही पुढे सायन नाहीतर केईएम. बाळंतीण रुग्णवाहिकेत असते, मागे बसलेल्या सासूच्या हातात फाइल असते, आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो. इतके दवाखाने मागे टाकून आपण कुठे चाललोय?

हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधताना बाळंतपणात बाई का दगावते, हे मुळापासून समजून घ्यावं लागतं. बहुतेक बाळंतपणं सुखरूप पार पडतात. शंभरातल्या पंधराएक जणींना काही ना काही गुंतागुंत होते आणि त्यातल्या थोड्यांच्या जिवावर बेततं. मात्र जिच्या जिवावर बेततं, तिला वाचवण्याचे उपाय बहुतेक वेळा जुने, स्वस्त आणि सगळ्यांना ठाऊक असतात. ते उपाय तिच्यापर्यंत किती वेळात पोचतात, यावर पुढचं सगळं ठरतं.

चौदा हजार बाळंतपणांचा हिशेब

आधी आकड्याची ओळख करून घेऊ. एक लाख जिवंत बाळांच्या जन्मामागे किती माता दगावल्या, या संख्येला माता मृत्यू दर म्हणतात. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत, गरोदरपणाशी संबंधित कारणानं झालेला मृत्यू यात धरतात. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना मानतात, जवळपास तोच हा काळ. रस्त्यावरच्या अपघातात गरोदर बाई गेली तर तो मृत्यू यात येत नाही.

२०१८ ते २०२० या काळात भारताचा हा दर ९७ होता आणि महाराष्ट्राचा ३३. केरळचा सर्वांत कमी, १९. वीसेक वर्षं मागे, १९९७-९८ मध्ये, देशाचा दर ३९८ होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगाचा दर १९७ होता. त्या एका वर्षात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया दगावल्या, म्हणजे रोज सातशेहून अधिक.

लाखातले आकडे डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत, म्हणून तेच आपल्या तीन शहरांवर लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार होती, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची १ लाख ७४ हजार. मिळून सव्वानऊ लाखांहून जास्त. आज ती बरीच वाढली आहे, पण हिशेबाला हीच धरू. राज्याचा जन्मदर हजारी सुमारे १५ आहे. म्हणजे या तीन शहरांत वर्षाला साधारण १४ हजार बाळंतपणं होतात. हा गणिताचा अंदाज आहे, रुग्णालयांची नोंद नव्हे.

या १४ हजारांना महाराष्ट्राचा दर लावला तर वर्षाला चार-पाच माता दगावतील. केरळचा लावला तर दोन-तीन. जगाचा सरासरी दर लावला तर सत्तावीस-अठ्ठावीस. १९९७-९८ चा भारताचा दर असता तर पंचावन्नच्या वर, म्हणजे आठवड्याला एकाहून अधिक. नायजेरियाचा २०२३ चा दर ९९३ होता. तो इथे असता तर एकशे चाळीसच्या घरात. आणि नॉर्वेचा असता, तर सात वर्षांत एक.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. वर्षाला चार-पाच मृत्यू तीन शहरांतल्या निरनिराळ्या दवाखान्यांत विखुरले, तर कुठल्याही एका दवाखान्याला त्यात काही सूत्र दिसणार नाही. प्रत्येक मृत्यू एकटा-दुकटा अपघात वाटेल. ‘तिचं नशीब’ म्हणून घरचे डोळे पुसतील आणि विषय संपेल. हा दर तीन-तीन वर्षांची माहिती एकत्र करून काढतात, त्याचं कारणही हेच. संख्या लहान असली की एका वर्षावरून काही ठरवता येत नाही.

वार सुटते तेव्हा आत काय होतं

जगभर मातांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं थेट कारण आहे अतिरक्तस्राव. सुमारे चौथा हिस्सा मृत्यू त्यानं होतात. बाळ बाहेर आलं, रडलं, घरच्यांना निरोप गेला आणि सगळे पेढ्यांच्या तयारीला लागले की खरा धोक्याचा काळ सुरू होतो.

गरोदरपणाच्या शेवटी गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. बाळाला वारेतून अन्न आणि प्राणवायू मिळतो, त्यासाठी ते लागतं. बाळ जन्मल्यावर वार गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटते आणि ती चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. एरवी जखम झाली की रक्त गोठून स्राव थांबतो, पण इतक्या वेगानं वाहणारं रक्त नुसतं गोठून थांबणार नाही. निसर्गानं त्यासाठी वेगळीच व्यवस्था केली आहे. गर्भाशयाच्या भिंतीतले स्नायूंचे धागे आडवे-उभे एकमेकांत विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्या मधून जातात. परकराची नाडी ओढली की नेफा चुण्या पडून आवळतो, तसे हे धागे आखडले की मधल्या सगळ्या वाहिन्यांची तोंडं दाबली जातात. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय तेव्हा नारळासारखं घट्ट लागतं. अनुभवी सिस्टर बाळंतिणीचं ओटीपोट पुन्हा पुन्हा दाबून पाहते ती यासाठीच.

गर्भाशय आखडलं नाही, सैल राहिलं, तर रक्त वाहतच राहतं. कळा फार लांबल्या आणि स्नायू थकले, जुळी होती, वारेचा तुकडा आत राहिला, मूत्राशय भरलेलं होतं, अशी त्याची अनेक कारणं आहेत. मात्र यातलं एकही कारण नसताना, अगदी सुरळीत बाळंतपणानंतरही ते होऊ शकतं. कोणाला होईल हे आधी नक्की सांगता येत नाही. ‘हिचं पहिलं नॉर्मल झालं होतं, हिला काय होतंय’ हा तर्क म्हणूनच इथे चालत नाही.

यावर मुख्य औषध ऑक्सिटोसिन. बाळ जन्मल्याबरोबर मांडीत किंवा दंडात एक इंजेक्शन दिलं की गर्भाशय आखडायला मदत होते. बाळाला लगेच छातीशी लावल्यावरही शरीरात हेच द्रव्य स्रवतं. औषध स्वस्त आहे, पण ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं. वीज गेली, फ्रिज बिघडला किंवा मे महिन्याच्या उकाड्यात पेटी बाहेर राहिली, तर बाटलीवरचं नाव तेच राहतं आणि आतली ताकद ओसरते. म्हणून उष्णतेला टिकणाऱ्या औषधांची गरज असते. मिसोप्रोस्टॉलची गोळी त्यातलीच एक.

बेळगावात दोन गोष्टी सिद्ध झाल्या

या गोळीची जगभर गाजलेली एक चाचणी आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली. तिथलं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतले संशोधक तिच्यात एकत्र आले होते. १,६२० स्त्रिया तिच्यात सहभागी झाल्या. डॉक्टर जवळ नसलेल्या ठिकाणी प्रसूती करणाऱ्या परिचारिकांनीच बाळंतिणींना गोळ्या दिल्या, निम्म्यांना खऱ्या आणि निम्म्यांना औषध नसलेल्या. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. औषध नसलेल्या गटात १२ टक्के स्त्रियांना अतिरक्तस्राव झाला, औषध मिळालेल्या गटात ६.४ टक्के स्त्रियांना. फ्रिज नाही, सुई नाही, डॉक्टर नाही, तरी धोका जवळजवळ निम्म्यावर आला.

दुसरी गोष्ट मला त्याहूनही मोलाची वाटते. रक्त किती गेलं हे मोजायचं कसं, असा प्रश्न संशोधकांपुढे होता. पाच-सहाशे मिलिलिटर आणि हजार मिलिलिटर यांतला फरक डोळ्यांना कळतो असं आपल्याला वाटतं. पण काही रक्त साडीत मुरतं, काही कापसात, काही चादरीत, थोडं गर्भजलात मिसळतं आणि उरलेलं फरशीवर सांडतं. तेव्हा त्यांनी नरसाळ्याच्या आकाराची, खुणा आखलेली प्लास्टिकची पिशवी तयार केली. बाळ झाल्यावर ती बाईच्या कमरेखाली सरकवायची आणि जमलेलं रक्त खुणांवर वाचायचं. नजरेचा अंदाज आणि पिशवीचं माप यांची तुलना केली, तेव्हा नजरेनं धरलेलं रक्त तिसऱ्या हिश्शानं कमी भरलं. हे प्रशिक्षित माणसांच्या नजरेचं माप होतं.

शरीरही या फसगतीत भर घालतं. गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त बरंच वाढलेलं असतं आणि ती तरुण असते. त्यामुळे लिटरभर रक्त जाईपर्यंत तिचं बीपी बऱ्यापैकी टिकून राहू शकतं. नाडी तेवढी जलद होते. ‘बीपी चांगलं आहे’ म्हणून सगळे निर्धास्त असतात. मग एका टप्प्यावर बीपी धाडकन कोसळतं, आणि तोवर हातातला निम्मा वेळ निघून गेलेला असतो.

खुणांच्या अशा पिशवीचा मोठा प्रयोग पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ऐंशी रुग्णालयांत झाला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दोन लाखांहून अधिक बाळंतपणांचा त्यात विचार होता. पिशवीनं रक्त मोजायचं आणि ठरावीक खूण ओलांडली की एकेक उपाय करून वाट न बघता सगळे एकदम सुरू करायचे, अशी पद्धत होती. पोट चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि कारण शोधण्यासाठी तपासणी, हे सगळं बरोबरच. जिथे ही पद्धत आली तिथे तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यातून मृत्यू, या तिन्हींचं मिळून प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. जुन्या पद्धतीत अतिरक्तस्रावाच्या निम्म्याच घटना लक्षात येत होत्या. पिशवीमुळे ९३ टक्के लक्षात आल्या. औषधं बहुतेक जुनीच होती. वेळेवर कळणं तेवढं नवं होतं.

चौकट: उपचार न मिळाल्यास हाती साधारण किती वेळ असतो?
(सरासरी अंदाज, प्रत्येक बाईसाठी तो वेगळा असू शकतो)

बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव: २ तास
बाळंतपणाआधीचा रक्तस्राव: १२ तास
गर्भाशय फाटणं: १ दिवस
गरोदरपणातले झटके: २ दिवस
अडलेलं बाळंतपण: ३ दिवस
जंतुसंसर्ग: ६ दिवस

आधीपासून दिसू शकणारे धोके

वरच्या चौकटीत झटके आहेत. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर काही जणींचं बीपी १४०/९० च्या वर जातं आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या नीट रुंद झालेल्या नसतात, तिथून या बिघाडाची सुरुवात होते. पुढे यकृत, मूत्रपिंडं आणि मेंदू यांच्यावर परिणाम होतो. सतत डोकं दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी येणं, छातीखाली पोटात दुखणं, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज येणं ही लक्षणं. त्यातून कधी झटके येतात. घरात कुणी ते ‘वारं’ समजतं, कुणी अंगात आल्याचं म्हणतं, आणि दोन-चार तास तिथेच जातात.

यावरचं औषध आहे मॅग्नेशियम सल्फेट. तेहेतीस देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांवर झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीनं २००२ मध्ये दाखवून दिलं की त्यानं झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांत इंजेक्शनानं देता येतो, त्यासाठी मोठं रुग्णालय लागत नाही. बाईला पुढे पाठवायचंच असेल तर हा डोस देऊन पाठवायचं.

दुसरा धोका रक्तक्षयाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ४५ टक्क्यांहून अधिक गरोदर स्त्रियांचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली निघालं. हिमोग्लोबिन १२ असलेल्या बाईचं सातशे मिलिलिटर रक्त गेलं तर तिला चक्कर येईल, अशक्तपणा येईल, पण ती सावरेल. सहा असलेलीचं तेवढंच गेलं तर तिचं हृदय ते पेलू शकत नाही. तिच्या बाबतीत दोन तासांची मुदतही लांबची ठरते. लोहाच्या गोळीनं पोट बिघडतं म्हणून ती उशीखाली जाते, हे प्रत्येक आशाताईला माहीत आहे. जिला गोळी सोसत नाही तिला शिरेतून लोह देता येतं. बाळंतपणाच्या आधी हातात काही आठवडे असतील तर हा धोका बराचसा दूर करता येतो.

श्रीमंतीनं न सुटलेला प्रश्न

माता मृत्यू गरिबीमुळे होतात आणि पैसा आला की ते आपोआप घटतात, असं वाटणं साहजिक आहे. इतिहास वेगळंच सांगतो. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३५ पर्यंत उत्पन्न वाढलं, स्वच्छ पाणी आलं, बालमृत्यू घटले. पण माता मृत्यू दर लाखाला चारशे-पाचशेच्या आसपास अडकून राहिला. १९३० च्या सुमारास तिथे सधन घरांतल्या बायकांचा मृत्यू दर गरीब घरांतल्या बायकांपेक्षा किंचित जास्तच होता. कारण सधन घरी डॉक्टर येई, चिमटे लावी, आणि त्याच्याबरोबर जंतूही येत. १९३५-३६ नंतर सल्फा औषधं आली, मग पेनिसिलिन, रक्तपेढ्या, गर्भाशय आखडवणारी औषधं आली आणि दर पंधरा-वीस वर्षांत कोसळला. ज्या हातांनी बाळंतपण व्हायचं, ते हात आणि त्यांच्याजवळची औषधं बदलली होती.

याची दुसरी बाजू श्रीलंकेत दिसते. १९३० च्या दशकात तिथे दर दीड हजाराच्या वर होता. देश श्रीमंत झाला नाही, पण गावोगावी प्रशिक्षित सरकारी सुईणी नेमल्या गेल्या, त्यांच्यामागे मोफत रुग्णालयं उभी राहिली आणि प्रत्येक मृत्यूची चौकशी होऊ लागली. आज तिथला दर वीसच्या आसपास आहे. उलट अमेरिकेत २०२३ मध्ये काळ्या स्त्रियांचा दर ५० होता आणि गोऱ्यांचा १४.५. जगातल्या सर्वांत खर्चिक आरोग्यव्यवस्थेत काळ्या आईचा दर महाराष्ट्राच्या दरापेक्षा जास्त आहे.

या प्रश्नाचा एक जुना धागा आपल्या शेजारीही आहे. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजे आनंदीबाई जोशी, उल्हासनगरला लागूनच असलेल्या गावची. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयातून तिनं पदवी घेतली. तिच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र होता. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षांची होण्याआधी, ती क्षयानं गेली. तिच्या काळी जगात कुठल्याच बाळंतिणीला रक्त देण्याची खात्रीची सोय नव्हती. आज ती आहे, कल्याण-कर्जत मार्गावरच्या शहरांतही आहे. त्या सोयीपर्यंत वेळेत पोचणं तेवढं उरलं आहे.

तीन उशीर

डेबोरा मेन आणि सेरीन थॅडियस या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये मातांच्या मृत्यूंकडे पाहण्याची एक साधी रीत मांडली. ती आजही जगभर वापरतात. त्यांच्या म्हणण्यानुसार बाई तीन ठिकाणच्या उशिरानं दगावते. घरी निर्णय घेताना, दवाखान्यापर्यंत पोचताना आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळताना.

घरातला उशीर आपल्या ओळखीचा आहे. नवरा रात्रपाळीला असतो. सासू म्हणते, ‘एवढ्या लवकर नेलं तर सिझर करतील.’ ही भीती अगदीच निराधार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७ टक्के सिझेरियन निघाली, सरकारीत १४ टक्के. गरज नसताना केलेलं सिझर पुढच्या गरोदरपणात वार चिकटण्याचा धोका वाढवतं, ते वेगळंच. पण त्या भीतीपोटी गेलेले तास बाळंतिणीला महाग पडतात. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत आहे, त्यातही एक अडचण होते. तपासण्या बदलापूरला झालेल्या असतात, बाळंतपण साताऱ्याला किंवा रत्नागिरीला. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर नसेल तर तिथल्या डॉक्टरला तिचं बीपी पहिल्यापासून जास्त होतं की आजच वाढलंय, हे कळायला मार्ग नसतो.

दुसरा उशीर वाटेवरचा. मलंगगडाच्या पायथ्याच्या आणि बारवी धरणाकडच्या ठाकूर-कातकरी पाड्यांना तो सर्वांत जास्त भोवतो. शहरातही रेल्वेमुळे पूर्व आणि पश्चिम दुभंगलेली आहे आणि पावसाळ्यात उल्हास नदी रस्ते अडवते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजाराच्या वर प्रवासी होते आणि त्यांत नऊ गरोदर स्त्रिया. एनडीआरएफच्या बोटी, नौदल, रुग्णवाहिका आणि स्त्रीरोगतज्ज्ञांसह सदतीस डॉक्टर तिथे पोचले. सगळे सुखरूप बाहेर आले. धोका सर्वांच्या डोळ्यांसमोर असला की आपली यंत्रणा काय करू शकते, हे त्या दिवशी दिसलं. एखाद्या चाळीत रात्री दोन वाजता रक्त जात असलेल्या बाईचा धोका तितकाच मोठा असतो, पण तो कुणाच्याच डोळ्यांसमोर नसतो.

तिसरा उशीर दवाखान्यातला, आणि शहरी पट्ट्यात हाच सर्वांत मोठा, असं मला वाटतं. पहिल्या परिच्छेदातल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. नॉर्मल बाळंतपणाला खाट, सिस्टर, ऑक्सिटोसिन आणि स्वच्छ हात पुरतात. अडल्यावर मात्र एकाच वेळी चार गोष्टी लागतात. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, भूलतज्ज्ञ, जुळणारं रक्त आणि ऑपरेशननंतर लक्ष ठेवणारी खोली. यांतली एक जरी रात्री तीन वाजता नसली, तरी बाकीच्या तिन्हींचा उपयोग नाही. एक भूलतज्ज्ञ अनेक दवाखान्यांत जातो, तो एका वेळी एकाच ठिकाणी असतो. म्हणून ‘पुढे न्या’ हा निर्णय कित्येकदा बरोबरच असतो. चूक होते ती त्याच्या वेळेत आणि रीतीत. पुढच्या रुग्णालयाला फोन न करता पाठवणं, मॅग्नेशियम किंवा ऑक्सिटोसिन न देता पाठवणं, सलाईन न लावता पाठवणं, आणि तिथे रक्त आहे का हे न विचारता पाठवणं. बदलापूरहून ठाणे रेल्वेनं पस्तीसएक किलोमीटर आहे. रस्त्यानं गर्दीच्या वेळी किती वेळ लागतो ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. दोन तासांपैकी उरतं किती, हे त्यावरून ठरवावं.

२०२४ मध्ये अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. महाविद्यालय आलं की निवासी डॉक्टर येतात, चोवीस तास भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय उभी करावी लागते. ती खरोखर उभी राहिली, तर या तीन शहरांतल्या बाळंतिणींचा ‘पुढे’ पस्तीस किलोमीटरवरून पाच-दहा किलोमीटरवर येईल. इमारत आणि पाटी यांपेक्षा रात्रीच्या पाळीची यादी कशी भरते, इकडे नगरसेवकांनी आणि पत्रकारांनी लक्ष ठेवलं पाहिजे.

मृत्यूचा माग मागे नेणं

सायन किंवा केईएमला दगावलेल्या बाईचा मृत्यू तिथे नोंदला जातो. तिला उशीर मात्र अंबरनाथच्या एखाद्या घरात किंवा उल्हासनगरच्या एखाद्या प्रसूतिगृहात झालेला असू शकतो. म्हणून २०१० पासून देशात माता मृत्यू अन्वेषण होतं. प्रत्येक मृत्यूनंतर घरच्यांशी आणि दवाखान्यांशी बोलून तासातासाचा माग काढायचा, कुणाला शिक्षा करण्यासाठी नव्हे तर कुठे वेळ गेला ते कळण्यासाठी. मलेशिया, श्रीलंका, केरळ या सगळ्यांनी दर खाली आणले त्यात या चौकशीचा मोठा वाटा आहे. नावगाव वगळून त्यातले निष्कर्ष शहराला कळले पाहिजेत. रक्त मिळायला चार तास लागले, हे एकदा जाहीरपणे कळलं की रक्तपेढीबद्दलचा प्रश्न सभागृहात येतो.

माता मृत्यू घटवण्याचा जगाचा वेग सध्या मंदावला आहे. २००० ते २०२३ मध्ये दर चाळीस टक्क्यांनी उतरला, पण गेल्या काही वर्षांत तो फार हळू उतरतो आहे. २०३० पर्यंत सत्तरच्या खाली जाण्याचं जगानं ठरवलं आहे. त्यासाठी आता दरवर्षी जवळपास पंधरा टक्के घट हवी. महाराष्ट्र हे लक्ष्य केव्हाच गाठून पुढे गेला आहे. मात्र महाराष्ट्राच्या तेहेतीस आणि केरळच्या एकोणीस यांत चौदाचा फरक आहे, आणि लाखो बाळंतपणांच्या राज्यात त्या चौदांचा अर्थ दरवर्षी दोन-अडीचशे आया असा होतो.

आठव्या महिन्यात विचारायचे प्रश्न

जिथे नाव नोंदवलंय तिथे हे प्रश्न शांतपणे विचारता येतात, आणि चांगले डॉक्टर त्यांचं वाईट मानत नाहीत. रात्री इथे कोण असतं? भूलतज्ज्ञ किती वेळात येतो? रक्त लागलं तर ते कुठल्या रक्तपेढीतून येतं आणि आणायला कोण जातं? पुढे पाठवायची वेळ आली तर कुठे पाठवता, आणि त्यांना आधी फोन करता का? घरीही तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात. नवरा नसेल तर निर्णय कोण घेणार, गाडी कोणाची, आणि त्याच रक्तगटाचे दोन दाते कोण. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते, तिथेही हे विचारता येतं.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे. त्यात सरकारी रुग्णालयात नॉर्मल बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि रुग्णालयातलं जेवण, यांतल्या कशालाच पैसे लागत नाहीत. घरून रुग्णालयात नेणारी गाडी मोफत असते, एका रुग्णालयातून दुसऱ्यात न्यायचं झालं तर तीही, आणि बाळाला घेऊन घरी सोडणारीही. गाडीसाठी १०२ किंवा १०८ हा क्रमांक लावायचा. कळा सुरू झाल्यावर तो शोधत बसण्यापेक्षा आजच घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवावा.